साठ-सत्तर मशिन, दोन माणसं: छोट्या कंपनीत लिनक्सचा संसार कसा चालवता?

गोदाकाठी (धागाकर्ता)

मंडळी, नाशिकला अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत आयटी बघतो. आयटी म्हणजे मी आणि हाताखाली एक नवा मुलगा. काम टेक्निकल डॉक्युमेंटेशनचं, म्हणजे ब्राउझर, लिबरऑफिस, इंकस्केप आणि थोडंफार पायथन. आजवर अठरा मशिनवर उबुंटू होतं आणि ते हातानेच चाललं: पेनड्राइव्ह लावायचा, नेक्स्ट-नेक्स्ट करायचं, नंतर एसएसएचने, म्हणजे आपल्या जागेवरून त्या मशिनवर लॉगिन करून, काय ते टाकायचं.

आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमचे बरेच डेस्कटॉप सातव्या पिढीचे आय-फाइव्ह, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत नाहीत. रॅम आहे, एसएसडी आहे, चांगली चालतायत. साहेब म्हणाले, "तुमचं ते उबुंटू टाका सगळीकडे." साहेबांना एक वाक्य बोलायचं असतं, निस्तरायचं आपण. एकूण साठ-पासष्ट मशिन होतील, त्यात पंधराएक लॅपटॉप, जे घरीही जातात.

बजेट फारसं नाही. एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून वापरायला मिळेल. सुरुवात कुठून करू? अ‍ॅन्सिबल, पपेट, फोरमन, लँडस्केप अशी ढीगभर मशिनं एका जागेवरून सांभाळायच्या टूलांची नावं वाचली की डोकं गरगरतं.

टर्मिनलकाका

नावं बाजूला ठेवा. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या: उद्या सकाळी अकाउंट्सच्या शेजारचं मशिन मेलं, तर दुसरं मशिन त्या जागी तसंच्या तसं किती वेळात उभं राहील, आणि तुम्ही रजेवर असताना तो नवा मुलगा ते एकट्याने करू शकेल का? पहिल्याचं उत्तर 'तासाभरात' आणि दुसऱ्याचं 'हो' असेल, तर बाकीचं सगळं हळूहळू जमतं. नसेल, तर कुठलंही टूल आणा, ती फक्त वरची सजावट होईल.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, मशिनवर ओएस माणसाने न बसवता बसली पाहिजे. दोन, त्यानंतरचा प्रत्येक बदल कुठेतरी लिहिलेला असला पाहिजे, कुणाच्या डोक्यात नाही.

पहिल्यासाठी उबुंटूत ऑटोइन्स्टॉल आहे. एक यामल (ठरावीक मांडणीची, साध्या मजकुराची) फाईल लिहायची: डिस्क कशी पाडायची, कुठला युजर, कुठली एसएसएच की, कुठली पॅकेजेस. सर्व्हरला हे २०.०४ पासून आहे, डेस्कटॉपचा नवा इन्स्टॉलरही २४.०४ मध्ये हीच फाईल वाचतो. डेबियन वापरत असाल तर प्रीसीड, रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट.

आणि मशिन नेटवर्कवरून बूट करा, म्हणजे पीएक्सई. लोक इथेच घाबरतात, कारण पुस्तकात लिहिलेलं असतं की डीएचसीपी सर्व्हर (मशिनांना आयपी पत्ते वाटणारा) तुमचा हवा, आणि छोट्या ऑफिसात डीएचसीपी वाटतो तो इंटरनेटवाल्याने लावून दिलेला राउटर. त्याला हात लावायची गरज नाही. जुन्या डेस्कटॉपवर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम टाका आणि प्रॉक्सी-डीएचसीपी मोडमध्ये चालवा. आयपी राउटरच देत राहतो, डीएनएसमास्क फक्त "बूटची फाईल माझ्याकडे आहे" एवढं सांगतो.

एक ध्यानात ठेवा: उबुंटूचा इन्स्टॉलर नेटवर्कवरून चालवताना अख्खा आयएसओ (ओएसची इन्स्टॉलची फाईल) रॅममध्ये उतरवून घेतो. ४ जीबीच्या मशिनवर डेस्कटॉप आयएसओ घेऊन बसलात तर तो अर्ध्यात मान टाकेल. अशा मशिनांना पेनड्राइव्ह बरा.

एकच_पेनड्राइव्ह

काका, साठ मशिनसाठी एवढा व्याप? एक मशिन नीट बसवा, क्लोनझिलाने त्याच्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा, बाकीच्यांवर ओता. मल्टिकास्टने एका वेळी दहा मशिन होतात. आम्ही गेली काही वर्षं हेच करतोय, कुणी मेलं नाही.

सोनचाफा

मरत नाही कुणी, पण भुतं मात्र दिसायला लागतात. :)

मी एका कंपनीत रुजू झाले तेव्हा आधीच्या व्हेंडरने सगळं असंच क्लोन करून दिलेलं होतं. तक्रार अशी की चार-पाच टेस्ट सर्व्हरचं नेटवर्क 'मधूनमधून' जातं. केबल बदलून झाल्या, स्विच बदलून झाला. शेवटी राउटरच्या लीजच्या, म्हणजे वाटलेल्या आयपींच्या, यादीत पाहिलं तर नेटवर्क कार्डांचे मॅक अ‍ॅड्रेस वेगवेगळे, पण सगळ्यांना एकच आयपी. कारण उबुंटू सर्व्हरमध्ये नेटवर्क बघतो सिस्टमडी-नेटवर्कडी, आणि तो डीएचसीपीला स्वतःची ओळख मॅकवरून सांगत नाही. ती तयार होते मशिन-आयडीवरून. मशिन-आयडी इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या एका फाईलमध्ये असतो आणि क्लोनबरोबर तोही जसाच्या तसा गेलेला. राउटरच्या मते ते एकच मशिन होतं. डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर असल्याने सहसा हे होत नाही, म्हणून तिथे कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

त्याहून वाईट म्हणजे एसएसएचच्या होस्ट की, ज्यांनी मशिन स्वतःची ओळख पटवतं. क्लोन केलेल्या सगळ्या मशिनांची खासगी की एकच. ज्याला एका मशिनवर रूट (सर्वाधिकार) मिळालं, तो नेटवर्कवर बाकी कुठलंही मशिन असल्याची बतावणी करू शकतो, आणि एसएसएच काही कुरकुर करणार नाही.

क्लोन करायचंच असेल तर इमेज काढण्याआधी मशिन-आयडीची फाईल रिकामी करा (उडवू नका, रिकामी करा, पुढच्या बूटला नवा आयडी बनतो), होस्ट की पुसा आणि पहिल्या बूटला नव्या तयार होतील अशी व्यवस्था करा. होस्टनेम (मशिनचं नेटवर्कवरचं नाव) बदला. एवढं सगळं करणार असाल तर ऑटोइन्स्टॉलची फाईल लिहायला तेवढाच वेळ लागतो, आणि ती फाईल सहा महिन्यांनी वाचली तर कळते तरी. इमेजमध्ये कुणी काय करून ठेवलंय हे इमेजलाच ठाऊक.

एकच_पेनड्राइव्ह

होस्ट कीचं पटलं. आज घरी जायच्या आधी तपासतो.

वाचनमात्र_खाते

+१ सोनचाफा. होस्टनेमवरून आठवलं: मशिनला माणसाचं नाव देऊ नका. 'स्नेहल-पीसी' वर गेली दोन वर्षं प्रथमेश बसतो अशी अवस्था सगळीकडे बघितलीये. मशिनवर चिकटवलेला अ‍ॅसेट नंबर तेच होस्टनेम. फोनवर माणूस नंबर वाचून दाखवतो, विषय संपला.

गोदाकाठी

काकांनी सांगितल्याप्रमाणे डीएनएसमास्क उभा केला. मशिन बूट होतं, कर्नल येतो, इन्स्टॉलर येतो... आणि भाषा कुठली म्हणून विचारत बसतो. माझी यामल वाचतच नाही. फाईल वेब सर्व्हरवर आहे, दुसऱ्या मशिनच्या ब्राउझरमध्ये उघडते. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये मात्र त्या मशिनची एकही विनंती दिसत नाही.

टर्मिनलकाका

विनंतीच आली नाही म्हणजे पत्ताच पोचला नाही. ग्रबमधली, म्हणजे बूट करून देणाऱ्या प्रोग्राममधली, कर्नलची ओळ बघा. 'डीएस=नोक्लाउड' नंतर अर्धविराम आहे आणि मग तुमच्या सर्व्हरचा पत्ता, बरोबर? ग्रबच्या भाषेत अर्धविराम म्हणजे आज्ञा संपली. त्यामुळे पुढचा पत्ता कर्नलला दिसतच नाही. तो सगळा तुकडा अवतरणचिन्हांत टाका. जगातला निम्मा ऑटोइन्स्टॉल इथेच अडलेला असतो.

तिथेच आणखी तीन खड्डे आहेत, आत्ताच सांगून ठेवतो. पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ हवी. युजर-डेटाच्या (तुमच्या यामलच्या) शेजारी मेटा-डेटा नावाची फाईल हवी, रिकामी चालते पण हवी. आणि त्याच ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द स्वतंत्र लिहायचा, नाहीतर इन्स्टॉलर डिस्क पुसण्याआधी "करू का?" म्हणून थांबतो. थांबणं चांगलंच आहे म्हणा, ज्या ऑफिसात कुणीही एफ-१२ दाबून नेटवर्कवरून बूट करू शकतं तिथे मी तो शब्द मुद्दाम लिहीत नाही.

गोदाकाठी

अर्धविरामच होता!! काका, तुम्हाला साष्टांग.

आता पुढचा टप्पा. अ‍ॅन्सिबल सुरू केलं. अठरा मशिनवर छान चाललं. पण लॅपटॉप कधी ऑफिसात, कधी घरी, कधी बंद. प्रत्येक वेळी लाल ओळींची रांग.

राइनकाठचा_रांगडा

जर्मनीतून लिहितोय, साधारण तुमच्याएवढाच ताफा सांभाळतो.

अ‍ॅन्सिबल मुळात ढकलणारं आहे: तुमचं मशिन एसएसएचने दुसऱ्यावर जातं आणि बदल करतं. एजंट नको, हे त्याचं मोठं सुख. पपेट २००५ पासून उलटं करतं, मशिनवरचा एजंट ठरावीक वेळाने येऊन विचारतो. सर्व्हर कायम चालू असतात, तिथे ढकलणं ठीक. लॅपटॉप पकडीत येत नाहीत, तिथे मशिननेच येऊन विचारलेलं बरं.

त्यासाठी पपेट शिकायला नको. अ‍ॅन्सिबल-पुल आहे. गिटमध्ये (फायलींचे बदल नोंदवून ठेवणाऱ्या भांडारात) तुमची प्लेबुकं (मशिनवर काय काय करायचं ते लिहिलेल्या फायली), प्रत्येक मशिनवर एक सिस्टमडी टायमर. ठरावीक वेळाने मशिन गिटमधून ताजी प्लेबुकं ओढतं आणि स्वतःवरच चालवतं. बदल नसेल तर काही करू नको, असंही सांगता येतं. घरून चालू झालेला लॅपटॉपसुद्धा नेट मिळालं की रांगेत येतो.

एक धोका आहे. पुलमध्ये प्रत्येक मशिनला सगळी प्लेबुकं वाचता येतात. म्हणजे त्यात पासवर्ड ठेवलेत तर ते प्रत्येक लॅपटॉपवर गेलेच. अ‍ॅन्सिबलच्या व्हॉल्टने कुलूप लावलं तरी किल्लीही त्याच मशिनवर ठेवावी लागते, मग कुलपाला अर्थ काय? आम्ही डेस्कटॉप-लॅपटॉपची प्लेबुकं वेगळ्या गिटमध्ये ठेवतो, त्यात एकही गुपित नाही, आणि मशिनला त्या गिटची फक्त वाचायची की दिलेली असते. सर्व्हरची प्लेबुकं वेगळी, ती अजूनही ढकलतो.

ढकलणाऱ्या बाजूला फोर्क्सचा आकडा वाढवा. मुळात तो ५ असतो, म्हणजे साठ मशिन पाच-पाचच्या पंगतीत बसतात. आणि कुठलाही बदल एकदम सगळ्यांवर नको. आधी दोन मशिन, दोन्ही आयटीची स्वतःची. मग एक विभाग. मग बाकीचे.

शंकेखोर_शास्त्री

सगळं वाचतोय, पण एक विचारतो. म्युनिक शहराने असाच लिनक्सचा घाट घातला होता ना? शेवटी विंडोजवर परतले. मग आपण कोण?

राइनकाठचा_रांगडा

शास्त्रीबुवा, म्युनिकने २००३ साली ठरवलं, २०१३ पर्यंत जवळपास पंधरा हजार मशिन हलवली आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने परतायचा ठराव केला. त्यात तंत्राइतकंच राजकारण होतं आणि प्रत्येक खात्याची आपापली आयटी. धागाकर्त्याकडे साठ मशिन, एक साहेब आणि ब्राउझरवर चालणारं काम आहे. तुलना करायचीच तर केरळातल्या शाळांशी करा. तिथे 'काइट' या सरकारी संस्थेने उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळाशाळांत चालवून दाखवली आहे.

गोदाकाठी

नवी भानगड. पहिली चाळीस मशिन झाली. पण सकाळी साडेनऊ ते साडेदहा इंटरनेट रांगतं. मेल उघडत नाही, व्हिडिओ कॉल तुटतात. अकरानंतर सगळं सुरळीत. लाइन १०० एमबीपीएसची आहे. प्रोव्हायडर म्हणतो आमच्याकडून सगळं ठीक.

सोनचाफा

प्रोव्हायडर या वेळी खरं बोलतोय बहुधा. रात्री मशिनं बंद करता ना?

उबुंटूत अपडेटचे दोन टायमर असतात. एक पॅकेजेस उतरवून ठेवतो, दुसरा सकाळी सहाच्या सुमाराला बसवतो. दोघांनाही 'पर्सिस्टंट' लावलेलं असतं, म्हणजे ठरलेल्या वेळी मशिन बंद असेल तर चालू झाल्यावर चुकलेलं काम उरकायचं. दुसऱ्याला पुढेमागे सरकायला फक्त तासाभराची मुभा आहे, आणि उतरवायचं राहिलं असेल तर तोच उतरवूनही घेतो. तुमची चाळीस मशिनं साडेनऊला एकदम उठतात आणि पुढच्या तासाभरात सगळी एकाच दुकानासमोर रांग लावतात. तुमची साडेनऊ ते साडेदहाची खिडकी अगदी तीच आहे.

हिशोब करा. लिनक्स-फर्मवेअर हे एकच पॅकेज अर्ध्या जीबीच्या आसपास. सुरक्षेच्या जोडीला साधे अपडेटही चालू ठेवले असतील तर ज्या दिवशी ते येतं त्या दिवशी चाळीस मशिनांचे २० जीबी. तुमची लाइन पूर्ण भरून चालली तरी हे उतरायला पंचवीस-तीस मिनिटं जातात. त्यावर स्नॅपवाला (वेगळ्या मार्गाने अपडेट होणारा) फायरफॉक्स वेगळा.

उपाय: त्याच जुन्या डेस्कटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी टाका. पहिलं मशिन पॅकेज बाहेरून आणतं, बाकीच्यांना ते घरातल्या घरात मिळतं. पण ते लावताना दोन ठिकाणी ठेच लागते.

पहिली ठेच: उबुंटूची भांडारं साध्या एचटीटीपीवर आहेत, ती कॅश होतात. क्रोम, व्हीएस कोड वगैरेंची एचटीटीपीएसवर असतात. एपीटीला (पॅकेजेस आणणाऱ्या प्रोग्रामला) एचटीटीपीचा प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, सांगितला की तो एचटीटीपीएसलाही तोच वापरू पाहतो आणि कॅशर त्याला दारातूनच परत पाठवतो. म्हणून एचटीटीपीएसचा प्रॉक्सी 'डायरेक्ट' असा स्वतंत्र लिहायचा.

दुसरी ठेच: लॅपटॉप घरी गेला की प्रॉक्सी सापडत नाही आणि अपडेटच बंद. कुणाला कळतही नाही, कारण अपडेट न होण्याची कुणी तक्रार करत नाही. लॅपटॉपवर ऑटो-एपीटी-प्रॉक्सी पॅकेज टाका, ते कॅशर आसपास आहे का बघून ठरवतं.

टायमरची तासाभराची मुभा वाढवून चार तास करा. स्नॅपला दुपारच्या जेवणाची वेळ ठरवून द्या, त्याची सोय स्नॅपमध्येच आहे.

टर्मिनलकाका

यात भर. संध्याकाळी सहाला जो शिपाई मेन स्विच पाडतो, त्याच्याशी दोस्ती करा. डीपीकेजी पॅकेज बसवत असताना वीज गेली की दुसऱ्या दिवशी ते मशिन "मागचं काम अर्धवट आहे" म्हणून अडून बसतं. आमच्या प्लेबुकात पहिलं कामच अर्धवट राहिलेली पॅकेजेस पुरी करणं हे आहे.

गोदाकाठी

कॅशर लावला. सकाळची बोंब थांबली. साहेब म्हणाले, "नवीन लाइन घेतली का?" मी नुसताच हसलो.

आता युजरचं. सध्या अ‍ॅन्सिबलनेच प्रत्येक मशिनवर युजर बनवतो. सगळी खाती एका जागी ठेवणारं फ्रीआयपीए लावू का?

राइनकाठचा_रांगडा

एक माणूस एकच मशिन वापरत असेल तर नको. फ्रीआयपीए म्हणजे एलडॅप (खात्यांची यादी), कर्बेरॉस (लॉगिनची शहानिशा), सर्टिफिकेटं, वर बहुधा डीएनएसही. ते बंद पडलं की सगळेच अडकणार, म्हणून दुसरी प्रत हवी. दोन माणसांच्या आयटीला हे ओझं होतं. लोक शिफ्टमध्ये मशिनं बदलत असतील तर मात्र पर्याय नाही.

सोनचाफा

मी थोडं वेगळं म्हणेन. माणूस कंपनी सोडून जातो तेव्हा एका जागी खातं बंद करता येणं, हे ओझ्याच्या बदल्यात वाईट नाही. पण त्यातही डोळे उघडे ठेवा. लॅपटॉपवर एसएसएसडी (लॉगिन बघणारा प्रोग्राम) पासवर्डची छाप साठवून ठेवू शकतो, म्हणजे नेट नसतानाही लॉगिन होतं. ती साठवण सुरू केली की तिला मुळात मुदत नसते. तुम्ही खातं बंद केलंत, त्याने लॅपटॉप नेटला लावलाच नाही, तर तो आरामात लॉगिन करत राहील. तेवढी मुदत काही दिवसांची करून ठेवा. आणि लॅपटॉपच्या डिस्कला लक्सचं कूटबंधन हवंच, त्यात वाद नको. प्रत्येक मशिनची सुटकेची किल्ली वेगळी, आणि ती छापून तिजोरीत.

छापखाना

सगळे शहाणे बोलून झाले असतील तर मूळ दुःखावर येऊ का? प्रिंटर.

गोदाकाठी

हाहाहा. कॅनन एलबीपी २९०० दोन, एचपी १०२० एक. बरोबर ओळखलंत.

छापखाना

भारतातल्या प्रत्येक ऑफिसात हीच जोडी असते. कॅननला कॅप्ट ड्रायव्हर लागतो, तो लिनक्सवर नांदत नाही. एचपी १०२० दर वेळी चालू झाल्यावर फर्मवेअर मागतो, त्यासाठी एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) मालकी प्लगिन लागतं आणि त्या प्लगिनची आवृत्ती एचपीलिपशी तंतोतंत जुळावी लागते. एचपीलिप अपडेट झालं की प्रिंटर मुका.

हे साठ मशिनांवर सोडवू नका, एकाच मशिनवर सोडवा. एक छोटा पीसी, त्यावर कप्स (लिनक्सची छपाईची सेवा), तिन्ही प्रिंटर त्याला. तिथे एचपीलिप जागच्या जागी रोखून ठेवा, अपडेट नको. बाकीच्या मशिनांना तो प्रिंटर नेटवर्कवर आपोआप दिसतो, ड्रायव्हर काही टाकायचा नाही. पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट लिहिलेला, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न लागणारा, घ्या.

आणि टॅलीवाल्या अकाउंटंटला छळू नका. टॅली आणि डिजिटल सहीचा टोकन यांच्यासाठी एक-दोन विंडोज ११ मशिनं ठेवा, गरज पडली तर रेमिना या रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्रामने तिथे जाता येतं. मात्र विंडोज ११ प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. लिनक्सची इभ्रत टॅलीवर अवलंबून नाही.

गोदाकाठी

पटलं. शेवटचा प्रश्न. एका क्लायंटने सिक्युरिटीची प्रश्नावली पाठवलीये. त्यात सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग ठेवता का, असं विचारलंय. आम्ही एवढे छोटे, आम्हालाही लागू?

सोनचाफा

२८ एप्रिल २०२२ चे निर्देश. लहान उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती, सूट दिली नव्हती. तीन गोष्टी तुमच्या कामाच्या: ठरवून दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची.

घड्याळाचं सोपं आहे. तुमच्या सर्व्हरवर क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्राम, तो एनआयसीच्या 'समय' सर्व्हरकडून वेळ घेईल, बाकीची मशिनं त्याच्याकडून. अ‍ॅन्सिबलमध्ये चार ओळी.

लॉगमध्ये लोक फसतात. जर्नल्डी, म्हणजे सिस्टमचे लॉग साठवणारा प्रोग्राम, दिवस मोजत नाही, जागा मोजतो: डिस्कच्या दहा टक्के, कमाल ४ जीबी. भरलं की जुनं जातं. आरसिसलॉग या दुसऱ्या लॉगवाल्या प्रोग्रामच्या फायली उबुंटूत आठवड्याला फिरतात आणि चारच ठेवल्या जातात, म्हणजे महिनाही जेमतेम. १८० दिवसांसाठी किमान सव्वीस आठवडे हवेत. मी सत्तावीस ठेवते.

ते साठ मशिनांवर ठेवायचं नाही. सगळ्यांचे लॉग आरसिसलॉगने टीएलएसवरून (कूटबद्ध करून) एका सर्व्हरवर पाठवा आणि तिथे मुदत लावा. मशिन चोरीला गेलं किंवा कुणी रूट मिळवून लॉग पुसले, तरी तुमच्याकडे प्रत राहते. पाठवणाऱ्या मशिनवर डिस्कवरची रांग चालू करा, म्हणजे लॅपटॉप बाहेर असताना साठलेलं परत आल्यावर जातं. त्या रांगेला आकाराची मर्यादा मात्र घाला.

गोदाकाठी

म्हणजे त्या जुन्या डेस्कटॉपवर डीएनएसमास्क, कॅशर, गिट आणि आता लॉगही. त्याला दुसरी डिस्क आणि यूपीएस मागतोय साहेबांकडे.

टर्मिनलकाका

लॉगसाठी वेगळंच मशिन मागा. पीएक्सईच्या खोक्यात सगळे घुसतात, लॉगच्या मशिनवर तुमच्या दोघांशिवाय कुणी जाता कामा नये. दुसरी डिस्क दोन्हीकडे.